बेचाळीस घरं, तीन पायऱ्या

लुडीच्या आईने भिंतीला शिडी लावली, त्या दिवशी लुडीचा धंदा बदलला.

तोवर लुडिविना सुमागायसाय ही फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरातली बऱ्यापैकी यशस्वी बाई होती. एका बड्या बांधकाम कंपनीसाठी ती बंदिस्त वसाहतींमधले प्लॉट विकायची. भोवती दहा फूट भिंत, तोंडाशी कमान, कमानीखाली शिट्टीवाला पहारेकरी. गिऱ्हाईक आधी कमान बघायचं, मग घर. कमानीवर सिमेंटचे दोन सिंह बसवले की भाव चढायचा. चौदा वर्षांत लुडीने एवढे सिंह विकले की एखाद्या जंगलाला पुरले असते. त्यातल्याच एका वसाहतीत तिने आईला घर घेऊन दिलं आणि आपण मोठं कर्तव्य केलं असं समजून झोपली.

आई सत्तर वर्षं शहरातल्या मोलो भागात, बाजाराला लागून राहिलेली. सकाळी चपला सरकवायच्या, सिरका आणायचा, तिघींशी भांडायचं, दोघींशी समेट करायचा आणि पाव गरम आहेत तोवर घरी यायचं, हा तिचा दिवस. नव्या घराच्या मागच्या भिंतीपलीकडेही बाजारच होता. दगड भिरकावला तर मासेवालीच्या टोपलीत पडेल एवढा जवळ. पण चालत जायचं तर कमानीतून बाहेर पडून, हमरस्त्याच्या कडेने ट्रकांचा धूर खात दोन किलोमीटर. म्हातारीने दोन महिने सोसलं. तिसऱ्या महिन्यात बांबूची शिडी घेतली.

पहारेकऱ्याचा फोन आला तेव्हा लुडी एका डॉक्टरला प्लॉट दाखवत होती.

"मॅम, तुमच्या आई भिंतीवर आहेत."

"भिंतीवर म्हणजे?"

"म्हणजे बसल्यात. जाताना शिडीने गेल्या. येताना पलीकडून मासेवालीच्या एकावर एक रचलेल्या पेट्यांवर चढल्या. पण तोवर शिडी आम्ही नियमाप्रमाणे जप्त केली होती. आणि मॅम, त्यांच्या पिशवीत जिवंत खेकडे आहेत."

लुडी धावत गेली. आई भिंतीवर टोपी घालून, पाय सोडून बसली होती आणि खाली जमलेल्या माणसांना खेकड्याचा भाव सांगत होती. लेकीला बघून ती एवढंच म्हणाली, "चोराला शिडी मिळते गं पोरी, इनदाय. मलाच मिळत नाही. मग ही भिंत बांधलीस कुणासाठी?"

 लुडीने याचं उत्तर आठवडाभर शोधलं, सापडलं नाही, आणि तिने राजीनामा दिला.

पुढची गोष्ट सोपी नव्हती. मोलोच्या चर्चमागे तिने अकरा घरांचं पहिलं काम काढलं. खाली दुकानं, वर राहायची जागा, भिंत नाही, कमान नाही. बँकेतला साहेब नकाशा उलटासुलटा करून बघत राहिला.

"कमान कुठे आहे?"

"नाही."

"मग वसाहत कुठे सुरू झाली ते लोकांना कळणार कसं?"

"घरं दिसली की कळेल. आंधळे आहेत का लोक?"

लुडी अशीच बोलायची, आणि इलोइलोत हे चालत नाही. तिथली माणसं भांडतानासुद्धा बाळाला जोजवत असल्यासारखी बोलतात. तुमचा गळा कापायचा असला तरी आधी विचारतील, जेवलात का. कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणत नाही. "बघू हं" म्हणतात आणि नाहीसे होतात. लुडी त्याच मातीची, पण तिच्या जिभेला तो गोडवा चिकटलाच नाही. तिचा धाकटा भाऊ दिमेत्रियो, म्हणजे घरचा मेटिंग, तिला ताई या अर्थाने मानांग म्हणायचा. तो सांगायचा, "मानांग, तू एकदा तोंड उघडलंस की मी तीन दिवस माफी मागत फिरतो."

तरी ती अकरा घरं विकली गेली. मग पंचवीसचं काम झालं, मग चाळीसचं. पंधरा वर्षं गेली. या पंधरा वर्षांत लुडीने आपले दोन-तीन नियम घट्ट करून टाकले. एक छत्रीचा. उन्हापावसात उघड्या छत्र्या घेऊन दोन बायका समोरासमोर आल्या तर कुणालाही छत्री कलती करावी लागता कामा नये, एवढी रुंद पायवाट. ती स्वतः छत्री घेऊन, समोरून मुकादमाला दुसरी छत्री देऊन, मोजून बघायची. दुसरा भाताचा. चुलीवर भात चढवून निघावं आणि भात उतरायच्या आत अंडी, गोळ्या-औषधं किंवा शाळेतलं पोर घेऊन परत यावं, एवढ्यात सगळं हवं. आणि तिसरा नियम, ज्यावर सगळे हसायचे: श्रीमंताचं दार आणि गरिबाचं दार एकाच पायवाटेवर उघडलं पाहिजे.

बिल्डरने महागड्या घरांबरोबर थोडी स्वस्त घरंही बांधावीत असा तिथे कायदा आहे. पण ती कुठे, याबद्दल कायदा ढिला. मग बाकीचे काय करतात, तर शहरात महाल बांधतात आणि स्वस्त घरं पार भातखाचरांच्या टोकाला, जिथे जीपनी, म्हणजे तिथली शेअर-जीपसुद्धा दिवसातून दोनदाच जाते. लुडी म्हणायची, हे म्हणजे पाहुण्याला जेवायला बोलावून त्याचं पान शेजारच्या गावात मांडण्यासारखं आहे.

शेजारच्या ओतोन गावाच्या वाटेवर वडिलांची भाताची जमीन होती, तिची आणि मेटिंगची मिळून. तिथे तिने आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम काढलं. नाव ठेवलं आलाग्यान, म्हणजे येण्याजाण्याची वाट. सोळा मोठी घरं, बेचाळीस लहान. तीही सोळा इकडे आणि बेचाळीस तिकडे अशी नाहीत. दोन-तीन लहान, मग एक मोठं, पुन्हा लहान, अशी एकाच ओळीत, एकाच पायवाटेवर. मेटिंगने कपाळाला हात लावला, पण जमीन बँकेकडे गहाण ठेवू दिली. त्याच्या वाट्याला एवढंच होतं, दुसरं काही नव्हतं, हे लुडीला पक्कं ठाऊक होतं.

मोठी घरं छपरं चढायच्या आत विकली गेली. पहिलं घेतलं कॅप्टन हाबेलोसाने. तीस वर्षं मालवाहू बोटी चालवून निवृत्त झालेला, पोट पुढे, आवाज त्याच्याही पुढे. घर बांधून होईतो तो रोज यायचा. पायऱ्यांचं काम निघालं तेव्हा तर काठी घेऊन उभाच राहिला.

इलोइलोत कुणीही पायऱ्या मोजल्याशिवाय घर बांधत नाही. पहिली पायरी सोनं, दुसरी चांदी, तिसरी मरण. चौथी पुन्हा सोनं, असंच पुढे. शेवटची पायरी कशावर येते ते बघायचं. सोन्यावर आली तर उत्तम, चांदीवर चालेल, मरणावर आली तर त्या घरात प्रेतसुद्धा ठेवू नये म्हणतात. शिकलेले लोक यावर हसतात आणि मोजतात.

"सोनं, चांदी, मरण, सोनं!" कॅप्टनने काठीने चारही पायऱ्या ठोकल्या. "झकास. मॅम लुडी, या पायऱ्यांवर मी माझे दगड बसवणार. सांतोसहून एक, डर्बनहून एक, प्रत्येक बंदरातून एकेक आणलाय."

"बसवा की. पण गुळगुळीत नकोत. घसरलात तर बोटीवरच्यासारखं कुणी दोर फेकणार नाही."

बाकीच्या पंधरा जणांनीही येऊन मोजलं. सगळ्यांच्या चार. सगळे खूष.

लहान घरं फेब्रुवारीत, जारोच्या जत्रेच्या सुमाराला तयार झाली. नीटस, खिडक्यांना हवा, मागे कपडे धुवायला ओटा. भाव असा, की शिंपीण, रिक्षावाला, पेढीतला चपराशी हप्ता भरू शकेल. लोक झुंडीने बघायला आले. नदीकाठच्या वस्तीतली तर अख्खी ओळ आली, कारण तिथल्या झोपड्या दर पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात. त्यांनी भिंतींवर हात फिरवले, नळ सोडून बघितले, लुडीने ठेवलेली बिस्किटं खाल्ली, "किती छान हो मॅम" म्हणाले, "बघू हं" म्हणाले आणि गेले.

मार्च संपला. बेचाळीसपैकी एकही घर गेलं नाही. एकही!

लुडीने दारं निळी केली. मग हिरवी केली. मग सही करणाऱ्याला पन्नास किलो तांदूळ फुकट, असा फलक लावला. लोक फलक वाचून हसले, बिस्किटं खाल्ली, गेले. तेरेसिंग नावाची एक शिंपीण तर चार वेळा आली. चारही वेळा तिने पुढच्या खिडकीपाशी उभं राहून शिलाई मशीन कुठे मावेल ते हातांनी मापलं. चारही वेळा बाहेर पडताना दारात थबकली, खाली बघितलं, आणि म्हणाली, "नवऱ्याला विचारते हं मॅम." तिचा नवरा सहा वर्षांपूर्वी वारला होता, हे लुडीला नंतर कळलं.

एप्रिलमध्ये बँकेचं पत्र आलं. मेअखेरपर्यंत निम्म्या तरी लहान घरांच्या सह्या दाखवा, नाहीतर आमची दुसरी योजना घ्या. दुसरी योजना एका साखर कारखान्याची होती. कामगारांना ठेवायला तो बेचाळीसच्या बेचाळीस घरं घाऊक घ्यायला तयार होता. अट एकच. मोठ्या घरांपासून ती वेगळी करायची, मधे जागोजाग आठ फूट भिंत, आणि लहान घरांना मागच्या शेतातून वेगळा रस्ता.

मेटिंग पत्र घेऊन आला तेव्हा लुडी पायवाटेवर केरसुणी फिरवत होती.

"मानांग, बस जरा."

"उभ्याने सांग."

"गरिबांना श्रीमंतांच्या शेजारी राहायचंच नाहीये. लाजतात ते. कॅप्टनच्या दारासमोरून फाटकी चप्पल घालून कोण जाईल? तू पंधरा वर्षं म्हणतेस एकाच वाटेवर दारं. त्यांना विचारलंस कधी, त्यांना हवीत का?"

"मोलोत राहिलीच ना माणसं?"

"मोलोत सगळी आपल्यासारखीच होती. थोडी वर, थोडी खाली. इथे कॅप्टन आणि शिंपीण आहेत." मग तो नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाला, "भिंत घालू, मानांग. जमीन तरी राहील."

लुडीने केरसुणी भिरकावली नाही, हेच आश्चर्य. त्या रात्री तिला झोप नव्हती ती कर्जामुळे नव्हे. कर्जाची तिला सवय होती. मेटिंगचं बोलणं खरं असेल तर? सिंह विकले ती चौदा वर्षं चुकली होती हे तिने कधीच कबूल केलं होतं. आता ही पंधराही चुकली असतील तर वजाबाकी करून आयुष्यात उरलं काय?

दुसऱ्या दिवशी तिने बिबिंका, म्हणजे तांदळाचे गरम केक, घेतले आणि थेट नदीकाठी तेरेसिंगच्या झोपडीवर गेली. झोपडी बांबूच्या खांबांवर, वर चढायला शिडी. तेरेसिंग मशीनवरून धडपडत उठली.

"अय मॅम! अहो इथे कशाला आलात, निरोप धाडायचा. बसा, बसा. जेवलात?"

"जेवले. तेरेसिंग, सरळ विचारते. घर आवडलं नाही का?"

"आवडलं की! किती हवा येते."

"हप्ता जड जातो?"

"छे हो, इथल्या भाड्याएवढाच तर आहे."

"कॅप्टनची लाज वाटते?"

तेरेसिंग हसली. "कॅप्टनची? त्यांच्या बायकोचे ब्लाउज मीच शिवते. पाठीला चार वेळा उसवून द्यावे लागतात. लाज त्यांना वाटायला हवी."

"मग अडलंय कुठे?"

"अडलं कुठेच नाही, मॅम. बघू हं..."

कोपऱ्यात पाटावर एक म्हातारी बसून केक खात होती. तेरेसिंगची सासू, लोला इनसांग, म्हणजे इनसांग आजी; सून तिला नानाय, म्हणजे आई म्हणायची. कानाने ठार बहिरी, आणि बहिरी माणसं बोलतात तशी खड्या आवाजात बोलणारी. केकचा घास गिळून तिने सुनेला विचारलं, "ही कोण गं?"

"मॅम लुडी, नानाय! घरवाल्या!"

"कोण?"

"ओतोनच्या घरवाल्या!"

"हां," म्हातारी अख्ख्या नदीकाठाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "ती मरणाच्या पायऱ्या विकते तीच का ही?"

तेरेसिंगने तोंडावर हात दाबला. शेजारच्या दोन झोपड्यांमधून डोकावणारी दोन डोकी झटकन आत गेली. लुडीच्या डोळ्यांसमोर मात्र बेचाळीस दारं एका ओळीत उभी राहिली. प्रत्येक दारापुढे तीन पायऱ्या. सोनं, चांदी...

"सुसमार्योसेप," येशू, मेरी, जोसेफ तिघांनाही एका दमात हाक मारत ती म्हणाली आणि पाटावर म्हातारीच्या शेजारीच बसली.

"तुम्ही सांगितलं का नाहीत मला?" तिने तेरेसिंगला विचारलं.

तेरेसिंग दोरा गुंडाळत राहिली. "कसं सांगायचं, मॅम? तुम्ही एवढी बिस्किटं ठेवलीत. शिवाय आम्हाला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल. कॅप्टनच्या चार आहेत ना. मोजणाऱ्याने मोजूनच केलं असेल. आमच्यासाठी तीनच ठरवल्या असतील."

याहून कुणी थोबाडीत मारली असती तर बरं, असं लुडीला झालं.

ती तशीच आलाग्यानला आली आणि मुकादमाला, मानोंग सिलोला, म्हणजे सिलोदादाला, हाक मारली. सिलो तिच्याकडे पहिल्या अकरा घरांपासून होता.

"नोंग सिलो, लहान घरांच्या पायऱ्या किती?"

सिलोने टोपी काढली. म्हणजे त्याला ठाऊक होतं.

"तीन, मॅम."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"मी विचारलं होतं, मॅम. नकाशा आला तेव्हाच. म्हटलं, लहान घरांच्या पायऱ्या बघितल्यात का? तुम्ही म्हणालात, पुराच्या पाण्याच्या वर जोतं आलं की झालं, सही केलीय, कामाला लागा. मला वाटलं, तुम्ही मानत नसाल."

"मोठ्या घरांना मानलं ना!"

"तिथे मालक उभे होते," सिलो म्हणाला. "इथे कोणीच उभं नव्हतं."

खरं होतं. चुकली होती ती लुडीच. तिला ते दिवस लख्ख आठवले. सोळा मालकांबरोबर तिने सोळा वेळा पायऱ्या मोजल्या, बेचाळीस घरांचा कागद मात्र उभ्याउभ्या सही करून दिला. का? तर मनात कुठेतरी, पार तळाशी, असं होतं की ज्याला डोक्यावर छप्पर नाही तो पायऱ्या कशाला मोजत बसेल? दार एकाच वाटेवर ठेवलं, पण मोजदाद दोन ठेवल्या. सिंह विकणारी बाई अजून आत बसलेलीच होती.

पण पश्चात्तापाने पायऱ्या वाढत नाहीत. मेअखेरीला पाच आठवडे होते. लुडी, सिलो आणि मेटिंग पायवाटेवर उकिडवे बसले.

"एक वाढवा," मेटिंग म्हणाला.

"ती फूटभर वाटेवर येईल," सिलो म्हणाला. "लहान घरांना पुढे अंगण नाही."

"छत्र्या अडतील. नाही," लुडी म्हणाली.

"मग एक काढा."

"दोनच ठेवल्या तर फार उंच होतात. म्हाताऱ्यांनी चढायच्या की कड्यावर जायचं? आणि जोतं खाली घेतलं तर घरात पाणी."

सिलोने काडीने मातीत रेघ ओढली. मग दुसरी रेघ तिच्याखाली ओढली.  "वाटच वर घेतली तर?"

"काय?"

"सगळी पायवाट एक पायरी वर उचलायची. खालची पायरी वाटेत बुडेल, वर राहतील दोन. चांदी. घराला हात लावायला नको. वाटेवर पाणी साचणार नाही, आणि लोक गाड्या चढवतात तेही बंद."

लुडीने त्याच्या पाठीत धपाटा घातला. मग तिचा हात तसाच हवेत राहिला. तिघांच्याही एकदमच लक्षात आलं. वाट एकच होती. ती उचलली की मोठ्या घरांच्या चार पायऱ्यांच्या होणार तीन.

"कॅप्टन," मेटिंग हळूच म्हणाला, जसं कुणी वादळाचं नाव घ्यावं.

उपाय होता. मोठ्या घरांच्या पायऱ्या फोडून तेवढ्याच उंचीत पुन्हा चार, जरा बुटक्या, बांधायच्या. गुडघ्यांना उलट बऱ्या. पण त्यासाठी सोळा मालकांनी हो म्हणायला हवं, आणि कॅप्टनने सांतोस-डर्बनच्या दगडांवर घण घालू द्यायला हवा. तेही शिंपिणीच्या दारासाठी.

"मी बोलतो," मेटिंग म्हणाला. "तू नको, मानांग. देवाची शपथ, तू नको."

लुडीच गेली.

कॅप्टन व्हरांड्यात चॉकलेट पीत बसला होता. लुडीने सगळं सांगितलं, न साखर घालता. कॅप्टनचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा.

"माझे दगड फोडायचे? मॅम लुडी, मी घर घेतलंय, लोकांच्या पायऱ्यांचा मक्ता नाही! त्यांच्या तीन आहेत, वाईट वाटलं. माझ्या चार आहेत, मोजून घेतल्यात. विषय संपला."

"संपला नाही. कॅप्टन, तुम्ही मानता ना हे?"

"मानतो! वादळात माझी एक बोट वाचली ती..."

"बोट राहू दे. उभे राहा. इकडे बघा. तुमच्या डाव्या हाताला कोण?"

"कोणी नाही, रिकामं घर."

"पायऱ्या किती?"

कॅप्टनने कप तोंडाला लावला.

"त्याच्या पलीकडे? उजव्या हाताला? मोजा ना, तुम्हाला मोजायला आवडतं. बेचाळीस दारं, कॅप्टन. बेचाळीस मरणं, आणि मधे तुम्ही आपली चार पायऱ्यांची होडी घेऊन बसलाय. रोज सकाळी चॉकलेट पिताना कुठे बघता?"

कॅप्टनने डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. कप खाली ठेवला. त्याची बायको आतून सगळं ऐकत होती, ती दारात आली आणि गोड, एकदम गोड आवाजात म्हणाली, "इतके दिवस आपण स्मशानात राहतोय आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

त्यानंतर लुडीला काही करावं लागलं नाही. कॅप्टनने दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः पांढरा शर्ट घालून बाकीच्या पंधरा घरांची फेरी काढली. एका निवृत्त न्यायाधीशाने कुरकुर केली, तेव्हा कॅप्टन त्याच्या दारात उभा राहून आजूबाजूच्या घरांच्या पायऱ्या मोठ्याने मोजायला लागला आणि सहाव्या घराला न्यायाधीशाने सही केली. दगड मात्र कॅप्टनने कुणाला फोडू दिले नाहीत. स्वतः छिन्नी घेऊन बसला, एकेक सोडवला, आणि दर दगडामागे सिलोला एकेका बंदराची गोष्ट ऐकावी लागली.

चार आठवड्यांत वाट उचलली गेली. लुडीने फलक काढून टाकला, तांदूळ कामगारांना वाटले. ओतोनभर बातमी गेलीच होती, पण कुणी आलं नाही. नदीकाठ थांबला होता. लोला इनसांगने येऊन बघेपर्यंत तिथलं कुणी सही करणार नव्हतं.

ती आली एकोणतीस मेला. तेरेसिंगच्या दंडाला धरून, हातात काठी. मागे उघड्या छत्र्यांची ही लांब ओळ, तिसाला दोन-तीन कमी कुटुंबं असतील. बँकेला हवी त्याहून जास्त. मेटिंग बोटं मोडत उभा होता. सह्या झाल्या नाहीत तर म्हणून ठरवून ठेवलेला भिंतीचा ठेकेदार त्याने अजून रद्द केलेला नव्हता.

म्हातारी वाटेने सावकाश आली. कॅप्टनच्या दाराशी थांबली, काठीने चार पायऱ्या मोजल्या. तेरेसिंगला आवडलेल्या घराशी आली. पहिली पायरी ठोकली. "सोनं!" दुसरी ठोकली. "चांदी!" उंबऱ्यावर काठी टेकवली आणि वळली.

"बोटवाल्याला सोनं," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "आणि आम्हाला चांदी?"

 मेटिंगने डोळे मिटले.

"नानाय, गप्प बसा हो," तेरेसिंग कुजबुजली. बहिरीपुढे कुजबुजून काय उपयोग!

लुडी जोत्याच्या उंचीबद्दल, पुराबद्दल सांगायला तोंड उघडत होती. तिने ते मिटलं. मग म्हातारीच्या कानाशी वाकून, जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडून म्हणाली, "हो, लोला! त्याला सोनं, तुम्हाला चांदी! त्याचं मी मोजलं होतं, तुमचं मोजलंच नव्हतं! आता एवढंच जमलंय!"

म्हातारीने उंबऱ्यावरची काठी उचलली. अशी उघडी कबुली तिने बहुधा नव्वद वर्षांत इलोइलोत ऐकली नसावी.

"पुढच्या वेळी आधी मला बोलाव," ती म्हणाली. आणि आत गेली. आतून लगेच आवाज आला, "तेरेसिंग! मशीन या खिडकीत नको, उजेड मागून येतोय! तिकडे ठेव!"

तेरेसिंग हसू दाबत लुडीकडे वळली. "मॅम, नवऱ्याला विचारायचं राहिलं."

"सही कर आधी," लुडी म्हणाली आणि तिच्या हातात पेन कोंबलं. मागे छत्र्या मिटायला लागल्या होत्या. मेटिंग खिशातून फोन काढत बाजूला गेला, ठेकेदाराचा नंबर शोधत, आणि पहिल्या वाक्यापासूनच माफी मागू लागला.